टेक्सासच्या कंट्री बारमधले गोट

डान्स बार म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. टेक्सासच्या कंट्री संगीताच्या बारमध्ये मात्र नाचतं ते गिऱ्हाईकच, आणि कोण कुठल्या गोटातलं ते फ्लोअरवरच्या जागेवरून कळतं. टू-स्टेपवाले, म्हणजे जोडीने पुढे सरकत नाचणारे, कडेने, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात: २ झटपट पावलं, २ सावकाश, एकूण ६ ठोके. वेगवान जोड्या बाहेरच्या लेनमध्ये, नवखे आत. मधोमध स्विंगवाल्यांच्या, म्हणजे जागच्या जागी नाचणाऱ्या जोड्यांच्या, गिरक्या. लाइन डान्सवाले रांगेत नाचतात, त्यांना जोडीदार लागत नाही. पण टू-स्टेपच्या गाण्यावर त्यांनी कडेलाच रांग धरली की वाहतूक तुंबते, जुनी मंडळी डोळे वटारतात. ऑस्टिनच्या, १९६४ पासूनच्या ब्रोकन स्पोक या डान्स हॉलमध्ये वट टू-स्टेपवाल्यांचाच. मुरलेला गडी बुटांवरून ओळखावा: चामड्याचा गुळगुळीत तळ. रबरी तळ गिरकीत अडकतो, पाऊल थांबतं, अंग फिरतं आणि पीळ बसतो गुडघ्याला.