दोन माद्या, एक टँक

खाऱ्या पाण्याच्या टँकची देखभाल करणं हे माझं काम. कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा, हे लोक मला रोज विचारतात, आणि बहुतेकांची भीती एकच असते: मोठा लहानाला खाईल. लायनफिशच्या बाबतीत ती खरीच आहे, तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. डोंबिवलीच्या एका घरात मात्र गिळण्याचा प्रश्नच नव्हता. भांडणारे दोन्ही मासे एकाच जातीचे आणि जवळजवळ एकाच मापाचे होते, आणि घोळ नेमका तिथेच होता.

काका-काकूंकडे 3 फुटी टँक आहे. त्यात ओसेलारिस क्लाउनफिश, म्हणजे ज्याला सगळे निमो म्हणतात तो, बरीच वर्षं एकटा होता. सोबतीला एक फायरफिश, एक बँगाई कार्डिनल आणि वाळू चाळत फिरणारी गोबी. सगळी शांत मंडळी, कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं. मग काकांच्या मित्राची बदली झाली, त्यांनी टँक मोडला आणि त्यांच्याकडचा एकुलता एक क्लाउन काकांनी घरी आणला. आपल्या माशाला सोबत मिळेल, त्यालाही घर मिळेल, एवढाच हेतू.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "अगं, पाणी बिघडलंय का बघायला येतेस का? नवा मासा कालपासून वरच्या कोपऱ्यातच आहे, खाली येतच नाही."

गेले तेव्हा तो पाइपच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या थराला धरून होता. शेपटीची कड जुन्या पदरासारखी विरलेली, एका कुशीवरचे खवले निघालेले. आधी पाणी तपासलं. खारटपणा दाखवणारी सापेक्ष घनता 1.025, तापमान 26 अंश, अमोनिया शून्य. पाण्यात दोष नव्हता. मग टँकसमोर स्टूल घेऊन बसले. थोड्याच वेळात जुना मासा दगडाच्या कपारीतून सुटला, थेट वर गेला आणि त्याने नव्याच्या कुशीला चावा घेतला. नवा पळाला नाही. तो उलटला, आणि दोघांनी एकमेकांचे जबडे धरून ठेवले.

"एकाच जातीचे आहेत, जमेल की दोन-चार दिवसांत," काका म्हणाले.

"काका, या दोघीही माद्या असणार. यांचं नाही जमायचं."

क्लाउनफिशची पिल्लं मादी म्हणून जन्मतच नाहीत. समुद्रात अ‍ॅनिमोन नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या टोळीत सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि बाकीची पिल्लं आपली वाढ रोखून पाळी येण्याची वाट पाहतात. मादी मेली की नराची मादी होते आणि पिल्लांतलं थोरलं त्याच्या जागी नर होतं. मादीचा पुन्हा नर मात्र कधीच होत नाही. वर्षानुवर्षं एकट्या वाढलेल्या, डोक्यावर कोणाचा धाक नसल्याने मादी झालेल्या या दोघींपैकी एकीलाही मागे सरायला वाट नव्हती.

डॅमसेल किंवा टँग जातीचा मासा नव्याला छळत असेल, तर मी दगडांची मांडणी बदलते, काचेला बाहेरून आरसा लावते. हद्दीचं भांडण त्याने बऱ्याचदा निवळतं. इथे त्यात वेळ घालवला असता तर संध्याकाळपर्यंत एक मासा मेला असता. नवी वर कोपऱ्यात असल्यामुळे जाळीत पटकन आली. तिला माझ्याकडच्या आजारी माशांच्या टँकमध्ये हलवलं. शेपटी हळूहळू भरून आली.

जुनीसाठी टँकमध्येच पैदास झालेलं, इंचभर लांबीचं पिल्लू आणलं. आता क्लाउनफिशची पैदास आपल्याकडेही होते, त्यामुळे प्रवाळातून ओरबाडून आणलेला मासा मी घेत नाही. पिल्लाला आधी काही दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तिच्यासमोर ठेवलं. सोडलं त्या दिवशी काकू टँकला खेटून उभ्या होत्या. जुनी जोरात चालून आली. पिल्लू जागच्या जागी एका कुशीवर कललं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरलं.

"अगं बाई, झटका आला की काय त्याला?"

"नाही काकू. तुम्ही मोठ्या, मी लहान, एवढंच सांगतोय तो."

ती थांबली. त्याच्याभोवती फिरली, पुन्हा अंगावर गेली, ते पुन्हा थरथरलं. चावा एकही नाही. ही थरथर दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. कोणी क्लाउनची जोडी मागितली तर मी एक मोठा, एक लहान देते, नाहीतर दोन्ही पिल्लंच देते. कोण मोठं होणार ते ती आपसांत ठरवतात. बरी झालेली मादीही मी अशाच एका पिल्लाबरोबर ठाण्याच्या एका घरी दिली.

काकांनी निघताना समुद्रघोड्याबद्दल विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला 2001 पासून संरक्षण आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी क्लाउनसारख्या चपळ खवय्यांसमोर त्या संथ जिवाच्या तोंडी घास लागला नसता.