शिंजिरांची वही: 11 नोंदी खोडल्या

डिसेंबरपासूनच्या शिंजिरांच्या (सनबर्ड, फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी) नोंदी काल पुन्हा चाळल्या आणि 11 ठिकाणी काट मारली. कुडाळच्या आमच्या बागेत ‘क्रिमसन-बॅक्ड, मादी’ असं (ही शिंजिराची एक जात) जिथे जिथे हौसेने लिहिलं होतं, त्या सगळ्या नोंदी आता संशयाच्या खात्यात. खालून पिवळं पोट दिसलं, पक्षी बारका वाटला, की लिहून मोकळा!

डोळे उघडले ते दोडामार्गला. रानाच्या कडेच्या आंब्यावर बांडगूळ फुललेलं, त्याच्या नळीसारख्या फुलाला एक मादी उलटी लटकली. क्षणभर पाठ फिरवली आणि शेपटीच्या मुळाशी गुंजेसारखा लाल ठिपका चमकला. खूण ती हीच. पर्पल-रम्प्ड या दुसऱ्या जातीच्या मादीला हा लाल रंग नसतो. तिचा गळा मात्र पांढुरका. तेव्हा पाठ दिसल्याशिवाय नाव लिहायचं नाही, असं ठरवलंय.

नरांचं त्यामानाने सोपं. क्रिमसन-बॅक्डची पाठ नि छाती झगझगीत किरमिजी, लांबी जेमतेम 8 सेंमी. पर्पल-रम्प्ड 10 सेंमीचा, पाठ काळपट तांबडी, कुशी पांढुरक्या. फक्त विणीचा हंगाम सरला की क्रिमसनचा नर फिका पडतो, तेव्हा फसगत होते. पर्पल-रम्प्डचा नर वर्षभर एकाच कपड्यात.

आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघांनाही ‘लीस्ट कन्सर्न’ (सध्या काळजीचं कारण नाही) हाच शेरा. मला तो जरा खटकतो. पर्पल-रम्प्ड श्रीलंका, बांगलादेशपर्यंत पसरलेला, जास्वंदीवरही खूश. सायक्सने 1832 मध्ये शास्त्रीय नाव दिलेला क्रिमसन-बॅक्ड पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. बागांतही येतो, पण शेजारी रान लागतं. दोडामार्गात मालकीची रानं तोडून रबर लागलंय, तिथे मला तासाभरात एकही शिंजीर दिसला नाही. अर्थात एका तासावरून निष्कर्ष काढू नये.

परवा शेजारचे काका आमच्या रायवळ आंब्याकडे बघून म्हणाले, “बांडगूळ कित्याक ठेवलंस रे? झाड खातला ता!” खोटं नाही. हापूसवरचं मीही काढतो. पण या म्हाताऱ्या झाडावरचे दोन झुबके ठेवलेत. बी फुलटोच्या या छोट्या पक्ष्यानेच आणून चिकटवलं असणार.

या आठवड्याची बेरीज: पर्पल-रम्प्ड 3, क्रिमसन-बॅक्ड 0, पाठ न दिसलेल्या माद्या 2.