मग पूर आला का?

अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या नॅरोजमधून आम्ही अर्ध्या वाटेवरून का परतलो, हे मला इतक्या जणांनी विचारले आहे की आता प्रश्न पुरा होण्याआधीच माझा चेहरा बदलतो, असे घरचे सांगतात. आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. उन्हाळ्यात भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा युटाच्या वाळवंटातली ती नदीची घळ पाहण्याचा बेत घेऊनच येतो. कोणीतरी त्याला आमची हकिकत आधीच सांगितलेली असते, आणि जेवताना केव्हातरी तो विचारतोच, "मग पूर आला का?" नाही, आला नाही. यापुढचे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून एकदा लिहून ठेवते.

विचारणाऱ्यांत निम्मे सह्याद्रीत भटकलेले असतात आणि त्यांना समजावणे सर्वांत अवघड जाते, कारण त्यांचा युक्तिवाद एके काळी माझाच होता. सांधण दरीत उतरलेल्या माणसाला अरुंद घळीचे भय वाटत नाही. शिवाय आपल्याकडे पाऊस आधी अंगावर पडतो आणि मग ओढा चढतो, त्यामुळे आभाळ पाहून निर्णय घेण्याची सवय हाडीमाशी भिनलेली असते. नॅरोजमध्ये ती सवय निरुपयोगी ठरते. तिथे व्हर्जिन नदीचे पात्र हीच वाट असते, दोन्ही बाजूंना काही ठिकाणी हजार फुटांपर्यंत उभा वालुकाश्म असतो आणि वर आभाळाची फक्त एक चिरी दिसते. पाऊस कित्येक मैल दूरच्या पठारावर पडतो, उघडा कातळ तो जवळजवळ पीत नाही, आणि सगळे पाणी या घळीत येते. खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर त्या वेळी लख्ख ऊन असू शकते. सप्टेंबर २०१५ मध्ये याच उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये अशा लोंढ्याने सात जणांचा जीव घेतला.

हे सगळे मला ठाऊक होते आणि तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये मी दादाला आणि भाचीला तिथे घेऊन गेले. जुलै ते सप्टेंबर हा तिथल्या वादळी पावसाचा काळ असतो. पण दादाची रजा ऑगस्टमध्येच होती. अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज तिथे रोज चार पायऱ्यांत देतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि अपेक्षित. त्या सकाळी दुसरी पायरी होती. पुराचा इशारा दिला गेला किंवा नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला, तर घळ बंद करतात. त्या दिवशी ती उघडी होती. माझ्यावरच्या आरोपपत्रातले हे पहिले कलम आहे आणि ते मला मान्य आहे.

भाड्याने घेतलेले बूट, निओप्रीनचे मोजे आणि खांद्याएवढ्या काठ्या घेऊन आम्ही लवकर निघालो. पहिले दीड किलोमीटर बांधीव पायवाट आहे. तिच्या टोकाशी वहिनी आणि माझे यजमान थांबले आणि आम्ही तिघे पाण्यात उतरलो. तळाचे गोटे शेवाळलेल्या नारळांसारखे पायाखालून सरकत होते. वयाच्या चौदाव्या वर्षी मला हरिश्चंद्रगडावर नेणारा दादा त्या दिवशी एकसष्ट वर्षांचा होता. लहानपणी मी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालत असे. इथे तो माझ्या मागे, मी काठी टेकवीन तिथेच काठी टेकवत येत होता. त्याने हा प्रवास दोन वर्षे आखला होता आणि वॉल स्ट्रीट नावाचा घळीचा सर्वांत अरुंद भाग पाहणे हा त्याचा हट्ट होता.

साडेअकराच्या सुमारास ऑर्डरव्हिल कॅन्यनचा फाटा आला. त्याच्या पुढेच वॉल स्ट्रीट सुरू होते आणि पाणी चढले तर चढून उभे राहायला उंचवटा तिथे फारसा सापडत नाही. फाट्याजवळच्या वाळूवर बसून आम्ही वहिनीने दिलेल्या दशम्या सोडल्या. माझ्या समोर पाण्यात एक फिकट दगड होता. बसताना त्याचा माथा ताटलीएवढा कोरडा होता; दशमी संपली तेव्हा तो वाटीएवढा उरला होता. पाण्याचा हिरवा रंग मळल्यासारखा वाटला. दोन-तीन काटक्या आणि पाइनच्या सुयांचा एक झुबका माझ्या बुटाला अडकून पुढे गेला. पाणी गढूळ होणे, पातळी वाढणे, काडीकचरा वाहत येणे ही पुराची लक्षणे मी पाठ केलेली होती आणि ती तिन्ही एकदम समोर उभी राहिली. मी म्हटले, "दादा, परत फिरायचं."

त्याने आधी वर पाहिले. "अगं, आभाळ निळंशार आहे."

"आभाळावर जाऊ नकोस. पाणी बघ."

"पाण्याला काय झालंय? ती माणसं वरून येतायत, त्यांच्या पायानं गढूळ झालंय. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

भाची काही बोलली नाही. या वेळी मी दगड दाखवायला हवा होता, काटक्या दाखवायला हव्या होत्या. सह्याद्रीत तीस वर्षे वाटा काढलेल्या माणसाला तेवढे नक्की समजले असते. मी ते केले नाही. मी त्याच्या मुलीसमोर, आजूबाजूचे चार लोक वळून पाहतील एवढ्या आवाजात म्हणाले, "स्वतःचं वय बघ जरा. पळायची वेळ आली तर पळता येणार आहे का तुला?"

त्याने दशमीचा रिकामा डबा पिशवीत टाकला आणि उठला. परतीच्या वाटेवर तो पुढे चालत होता, माझ्यापेक्षा भराभर, काठी जवळजवळ न टेकवता. त्यात तो एकदा घसरून गुडघ्यावर पडला आणि मी हात दिला तो त्याने घेतला नाही. आम्ही बाहेर येऊन ओले बूट काढत बसलो असताना एकामागून एक माणसे वॉल स्ट्रीट पाहून हसत येत होती. त्यांतल्या एका आजोबांचे वय दादाहून नक्की जास्त होते.

तर विचारणाऱ्यांनो, पूर आला नाही म्हणून माझा निर्णय चुकला, हा हिशेब मला मान्य नाही. पूर येण्याआधी परतणे यालाच वेळेवर परतणे म्हणतात. हे मी बरीच वर्षे ठणकावून सांगत आले. पण तो दगड लोकांच्या पावलांनी उडालेल्या पाण्याने भिजला असेल, ही शक्यता मला तिथेच सुचली होती. बाहेर आल्यावर रेंजर समोर उभा होता. वर कुठे पाऊस झाला का, एवढे त्याला विचारणे सोपे होते. मी विचारले नाही. तो "नाही" म्हणेल आणि ते दादा ऐकेल, याची मला भीती वाटली. सकाळी दुसरी पायरी वाचूनही जी बाई बेधडक आत शिरली आणि दुपारी तीन काटक्या पाहून जी फिरली, त्या दोघींपैकी कोणती शहाणी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दोघींचे एकमेकींशी पटत नाही आणि मला दोघींची बाजू घ्यावी लागते.

दादाच्या त्याच गुडघ्याचे पुढच्या वर्षी ऑपरेशन झाले. तो आधीपासून दुखत होता असे वहिनी म्हणते. दादा त्यावर काही बोलत नाही. आता तो सिंहगडही पायथ्यावरूनच पाहतो.

गेल्या दिवाळीत त्याने फोनवर एक फोटो पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. फाट्याजवळ बसताना त्याने तो काढलेला होता: मी, भाची, उघडलेला डबा आणि मागे तो फिकट दगड. मी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. यजमानांना पाणी हिरवे दिसते, भाची म्हणते तपकिरी आहे. दगडावर मात्र नेमकी माझीच सावली पडली आहे.