एक लिटर पाणी, तीस मिनिटं

सांडपाणी प्रकल्पाचा बीओडी अहवाल (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) हातात पडेपर्यंत ते पाणी केव्हाच नदीला मिळालेलं असतं. नुसती चाचणीच तीन ते पाच दिवस चालते. आज प्रकल्पात काय चाललंय हे आजच कळायला हवं असेल, तर एअरेशन टँकमधलं, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेतात त्या टाकीतलं, एक लिटर पाणी घ्या आणि त्यातला गाळ, म्हणजे या जिवाणूंचे पुंजके, तळाशी बसू देऊन बघा. लहान गावाच्या प्रकल्पात रोज न चुकता करावी अशी एकच चाचणी निवडायची तर आम्ही हीच निवडू.

नमुना टँकच्या शेवटाकडून, क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवून वरचं स्वच्छ पाणी बाहेर सोडणाऱ्या टाकीच्या) आधी आणि फेसाच्या खालून घ्या. भांडं रुंद हवं, कारण अरुंद नळकांड्यात गाळ कडेला अडकतो आणि आकडा उगाच वाढतो. वेळही रोज तीच ठेवा. लहान गावात सकाळचा लोंढा आणि रात्रीची धार यांत फार फरक असतो, त्यामुळे वेळ बदलली की तुलनेला अर्थ उरत नाही. नमुना हलक्या हाताने ढवळा, सावलीत ठेवा आणि पहिली दहा मिनिटं भांड्यासमोरून हलू नका.

तीस मिनिटांनी गाळ ३०० मिलीवर आला आणि एमएलएसएस, म्हणजे टँकच्या पाण्यातल्या गाळाचं कोरडं वजन, लिटरला ३ ग्रॅम असेल, तर एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा, १००. उत्तम. गाळ ६०० वर अडला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. अर्धा नमुना आणि अर्धं स्वच्छ प्रक्रिया झालेलं पाणी मिसळून पुन्हा बसवा. आता तो झपाट्याने खाली गेला तर गाळ फक्त जास्त झालाय, बाहेर काढा. तरीही कापसासारखा तरंगत राहिला तर तंतुमय जिवाणू माजलेत. मग ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या यंत्राचा) फिल्टर, तुंबलेले डिफ्यूझर (पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारे भाग) आणि विरघळलेला ऑक्सिजन तपासा. तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. इथे नुसता गाळ काढून दुखणं जात नाही.

उलट गाळ दगडासारखा पटकन बसला आणि वरच्या पाण्यात बारीक कण फिरत राहिले, तर तो बहुधा म्हातारा झालाय.

भांडं लगेच रिकामं करू नका. तासाभरात बसलेला गाळ ढेकळांनी वर आला, तर नायट्रेटपासून नायट्रोजन वायू सुटतोय. क्लॅरिफायरमध्येही हेच होतं, कारण गाळ तळाशी फार वेळ पडून राहतो. क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ टँकमध्ये परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाचा प्रवाह वाढवा.

रोज गाळ काढायचा किती? ५०० घनमीटरच्या टँकमध्ये घनमीटरला ३.५ किलो गाळ म्हणजे एकूण १७५० किलो. गाळाचं वय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस प्रकल्पात राहतो ते, २० दिवस ठेवायचं तर रोज साधारण ८७ किलो काढायचा. तो रिटर्न लाइनमधून काढत असाल आणि तिथे घनमीटरला ८ किलो असेल, तर रोज साधारण ११ घनमीटर. हा आकडा एका दिवसात १० ते १५ टक्क्यांहून जास्त बदलू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

हे गणित कळूनही गाळ काढला जात नाही, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: वाळवण्याचे वाफे भरलेले असतात. ओला गाळ टाकायला जागा नाही म्हणून तो टँकमध्येच साठवला जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या लोंढ्याबरोबर क्लॅरिफायरवरून सगळा बाहेर वाहून जातो. त्यामुळे वाफ्यात २० ते ३० सेंटिमीटरपेक्षा जाड थर घालू नका. थर भेगाळला की लगेच उचला आणि एक वाफा कायम रिकामा ठेवा.