कॅड-कॅमसाठी कुठलं सॉफ्टवेअर? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारात आरतीला गेले की हा प्रश्न हमखास येतो. "मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॅड-कॅमचा कोर्स लावायचाय. कुठलं सॉफ्टवेअर शिकू दे त्याला?" हातात प्रसाद, मागे रांग. मी दोन नावं सांगून निघते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून आज नीट सांगते.

कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर भागाचं ड्रॉइंग काढणं, कॅम म्हणजे त्यावरून मशीनला तो कापायला सांगणं. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. एकात हात बसला की दुसरं थोड्या दिवसांत येतं. बटणांच्या जागा बदलतात. स्केच काढा, मापांनी पक्कं बांधा, मग त्याला जाडी द्या, हे सगळीकडे तेच. घरी सरावाला फ्रीकॅड फुकट मिळतं. पण क्लासची फी भरायच्या आधी मुलाला चार दिवस मशीन शॉपमध्ये उभं करा. माझं म्हणणं एवढंच आहे.

मी कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली संस्था, दादासाहेब फाळकेही इथेच शिकले. आता तिथे एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात एक चौकोनी खाच काढली होती. चाळीस बाय तीस, बारा मिलिमीटर खोल, चारही कोपरे काटकोनात. स्क्रीनवर फार देखणी दिसायची. ड्रॉइंग घेऊन मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका मशीन शॉपमध्ये गेले. मशीनवरच्या काकांनी ते उजेडात धरलं, कोपऱ्यावर नख ठेवलं आणि विचारलं, "बेन, आ खूणो केवी रीते कपाशे?" हा कोपरा कापणार कसा?

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून दहा मिलिमीटरचं एंड मिल, म्हणजे खाच कापणारं फिरतं टूल, काढून माझ्या तळहातावर ठेवलं. जड, थंड, तेलकट आणि गोल. गोल फिरणारं टूल आतल्या कोपऱ्यात गेलं की स्वतःची पाच मिलिमीटरची त्रिज्या मागे सोडणारच. टूल बारीक घ्या, त्रिज्या कमी होईल. पण बारीक टूल बारा मिलिमीटर खोल उतरलं की लवतं, थरथरतं, तुटतं. अगदी काटकोनच हवा असेल तर ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवर जा, म्हणजे आधी तांब्याचा इलेक्ट्रोड बनवा. माझ्या खाचेत बसणारा भाग सहा मिलिमीटर गोल कोपऱ्यांचा केला असता तरी चाललं असतं. मी काटकोन काढला, कारण काढायला तो सोपा होता.

त्या दिवसापासून आतला कोपरा काढताना माझा तळहात आपोआप आठवतो. हे क्लासमध्ये सांगत नाहीत असं नाही. पण ऐकलेलं राहत नाही.

मशीनने कसं हलायचं ते ओळीओळीने सांगणाऱ्या प्रोग्रामचंही तसंच. मी हाताने लिहिलेल्या पहिल्या प्रोग्राममध्ये टूल वर उचलण्यासाठी झेड ५० लिहिलं होतं, पुढचा दशांश टिंब राहून गेला. पुष्कळ मशीनच्या कंट्रोलवर टिंब नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात धरतात. म्हणजे टूल पन्नास मिलिमीटर वर न जाता पृष्ठभागापासून ०.०५० मिलिमीटरवर थांबणार होतं, आणि पुढची ओळ होती जी झीरो, भरधाव आडवं जायची. वाटेत ठोकळा धरून ठेवणारा क्लॅम्प. काका नवा प्रोग्राम नेहमी सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ चालवायचे. डिस्प्लेवर झेड ०.०५० दिसताच त्यांनी मशीन थांबवलं. ओरडले नाहीत. पेन दिलं, टिंब मलाच द्यायला लावला.

इतिहासातही क्रम हाच आहे. हेलिकॉप्टरच्या पंखांचे वळणदार आकार अचूक कापायचे होते, त्या गरजेतून आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन उभं राहिलं. एमआयटीत ते १९५२ मध्ये दाखवलं गेलं. पडद्यावर पेनने चित्र काढू देणारं आयव्हन सदरलँडचं स्केचपॅड १९६३ चं. कापणं आधी आलं, काढणं मागून.

टॉलरन्सबद्दल, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल त्याबद्दल, एकच सांगते, कारण नव्या मुलांच्या ड्रॉइंगवर मला हे सारखं दिसतं. पंचवीसच्या भोकाला एच सेव्हन लिहिलं म्हणजे ते २५.००० ते २५.०२१ च्या आत हवं. बेअरिंग बसणार असेल तर ते लिहायलाच हवं. पण ज्या भोकातून नुसती वायर जाणार, तिथेही सवयीने एच सेव्हन लिहिलं की ड्रिलने भागणारं काम रीमरवर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या टूलवर जातं आणि मशीनवरचा माणूस उगीच तासभर झिजतो.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुलाला पाठवा माझ्याकडे, मकरपुऱ्यात मी ओळख करून देईन. बंद बूट घालायचे, बाह्या दुमडायच्या, आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे अजिबात नाहीत. पहिले दोन दिवस बहुतेक चिप्सच झाडाव्या लागतील, ते त्याला आधीच सांगून ठेवा.