ताप नव्हता

"सिस्टर, ताप नाहीये हो त्यांना. नुसतं गळाल्यासारखं वाटतंय म्हणतात."

काकूंचा हा फोन मंगळवारी दुपारी मीच घेतला. वहीत माझ्याच अक्षरात आहे : ताप ९९.१, जुलाब दोनदा, भूक नाही. त्याखाली : पाणी भरपूर, शुक्रवारी ओपीडी.

यकृत बदललेल्या माणसाच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवायचा नसतो. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टिरॉइड देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, नाहीतर शरीर नव्या यकृतावरच तुटून पडेल. मग ताप, सूज, दुखणं, सगळंच दबतं. नव्या मुलींना हे मी घोकून घेते. म्हणून तर स्वतःचीच जास्त चीड येते.

काकांचं यकृत बदलून चौथा महिना चालू होता. दात्याला सीएमव्ही विषाणू कधीतरी होऊन गेलेला, काकांना कधीच नाही. यकृताबरोबर पाहुणाही आला, आणि काकांच्या रक्ताला त्याची ओळख नाही. अशांना व्हॅलगॅनसायक्लोविर, म्हणजे या विषाणूला रोखणारी गोळी, साधारण ३ ते ६ महिने देतात. आमच्याकडे ३. खरी काळजी गोळी बंद झाल्यावर असते, म्हणून त्यानंतर पीसीआर, म्हणजे रक्तातला विषाणू शोधायची तपासणी, करत राहायची. काकांची एक झाली, निगेटिव्ह आली. दुसरी 'बरं वाटतंय' म्हणून राहिली. चुकलेली तपासणी आमचं सॉफ्टवेअर कुणाला सांगत नाही. बिल थकलं तर मात्र लगेच सांगतं.

शुक्रवारी पांढऱ्या पेशी १,८००, प्लेटलेट ७२,०००, यकृताला इजा दाखवणारं एसजीपीटी नेहमीच्या तिप्पट. रेसिडेंटने केसपेपरवर 'रिजेक्शन?' लिहिलं, म्हणजे शरीर नवं यकृत नाकारतंय का, आणि खाली मिथाइलप्रेडनिसोलोन, जोरदार स्टिरॉइड. मी म्हटलं, "सर, रिजेक्शनमध्ये पेशी कशाला पडतील?" उत्तर आलं, "पण इन्फेक्शन म्हणावं तर ताप कुठाय?"

त्यात टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल १५, म्हणजे जास्त आलेली. ती नीट कळायची तर रात्री ८ ची गोळी झाल्यावर सकाळी ८ ला, पुढची गोळी गिळायच्या आधी रक्त काढावं लागतं. काका गोळी घेऊनच निघाले होते. म्हणजे तो आकडा कचरा, आणि त्यावर डोस कमी केला असता तर खरंच रिजेक्शन ओढवलं असतं. "गोळी किती वाजता घेतलीत?" हे रक्त काढणारा विचारत नाही, आकडा वाचणाराही नाही. मी विचारते. त्याची मला घमेंड आहे, असू दे.

मी वरच्या सरांना थेट फोन लावला. रेसिडेंट दोन दिवस बोलला नाही. स्टिरॉइड थांबलं, पीसीआर गेली, बायोप्सी झाली. विषाणू लाखांत होता आणि यकृतातही उतरला होता. रिजेक्शन नव्हतं. मायकोफिनोलेट बंद करून शिरेतून गॅनसायक्लोविर सुरू केलं. गंमत अशी की हे औषधही पांढऱ्या पेशी पाडतं. रोज सकाळी काउंट येईपर्यंत चहा घशाखाली उतरत नसे. पेशी वाढवायचं इंजेक्शन दोनदा द्यावं लागलं. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन वर सरकलं की डोसचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या आठवड्यात काका घरी गेले. काकू भेटेल त्याला सांगतात, सिस्टरनी वाचवलं. रेसिडेंटसमोरही सांगितलं. मंगळवारचा फोन त्यांच्या लक्षात नाही, आणि मीही आठवण करून दिलेली नाही.