अडीच तोळ्यांचा बाण

रिकामं धनुष्य सुटल्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. बाण असला तर नुसतं ‘थप्’ होतं, सगळा जोर बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर तो जोर धनुष्यातच फुटतो. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी दारात कुरिअरवाल्याला सही देत होतो आणि पाठीमागं पत्र्यावर धोंडा पडावा तसा आवाज आला. वळायच्या आधीच काय झालं ते कळलं.

माझं गिऱ्हाईक असलेल्या काकांचा पुतण्या धनुष्य धरून पुतळ्यासारखा उभा होता. दोरी लोंबत होती, वरचा कॅम, म्हणजे दोरीचं चाक, तिरका झाला होता आणि एक केबल त्याच्या मनगटावर वेटोळं घालून बसली होती. पोरगा तालमीतला. सत्तर पाउंड म्हणजे जवळपास बत्तीस किलो, एवढं काकांना कसं ओढवतं ते त्याला बघायचं होतं. त्यानं ओढलं, अगदी सहज ओढलं, आणि बोट रिलीजच्या, म्हणजे दोरी पकडून सोडायच्या खटक्याच्या, चापावर गेलं.

“लागलं काय रे?” काकांनी विचारलं. त्याला लागलं नव्हतं. हे नशीब. चूक माझी. दोरीला रिलीज अडकवलेलं धनुष्य टेबलावर ठेवून मी पाठ फिरवायला नको होती. शिकायला येणाऱ्या पोरांना हेच रोज ओरडून सांगतो.

शुक्रवारी पहाटे काकांचं मुंबईहून विमान होतं. आफ्रिकेत, नामिबियाला. धनुष्यानं शिकार करायला.

मी उद्यमनगरात धनुष्यं दुरुस्त करतो, हे ऐकून लोक आधी हसतात. कोल्हापुरात नेमबाजी म्हटली की रायफल आणि पिस्तूल: तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणलेला स्वप्नील कुसाळे. पण २०२३ मध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीनं बर्लिनला कंपाऊंडमध्ये, म्हणजे असल्या चाकांच्या धनुष्यात, जगज्जेतेपद मिळवलं आणि इकडंही आईबाप पोरांना घेऊन कंपाऊंड धनुष्याची चौकशी करायला लागले. माझं काम म्हणजे त्या पोरांच्या दोऱ्या बदलणं, साइट लावून देणं. शिकारीचं गिऱ्हाईक हे पहिलंच.

काकांची शिरोलीला फाउंड्री आहे. वय पंचावन्नच्या पुढं. आजोबा संस्थानच्या शिकारीत हाक्याला जायचे, त्या गोष्टी ऐकत ते लहानाचे मोठे झाले. कोल्हापूरला हे वेड नवं नाही. इथं चित्ते पाळून काळविटांवर सोडायचे आणि दाजीपूरचं रान तर दरबाराचं शिकारीचंच रान होतं. १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं, १९७२ च्या कायद्यानंतर शिकार सगळीकडंच बंद होत गेली. बरंच झालं. काकांनाही ते मान्य होतं, म्हणूनच बाहेरच्या देशात रीतसर परवाना काढून, तिथल्या नोंदणी झालेल्या शिकाऱ्याबरोबर जायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी आजवर पाखरू मारलेलं नाही आणि मारायची इच्छाही नाही. तरी काम घेतलं. मी नाही म्हटलं असतं तर मोबाइलवर बघून त्यांनी सगळं स्वतःच केलं असतं, आणि अर्धवट तयारीनं सोडलेल्या बाणाची किंमत जनावर मोजतं.

तिथल्या फार्मवाल्यानं नियम कळवले होते. मोठ्या जनावराला, म्हणजे कुडू, ओरिक्स वगैरे मोठ्या हरणांना, सुटलेल्या बाणाचा जोर किमान ६५ फूट-पाउंड आणि बाणाचं वजन किमान ४५० ग्रेन. ग्रेन हे जुनं इंग्रजी वजनमाप. मध्यम जनावराला ४० आणि ४००. हिशेब सोपा असतो: बाणाचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. काकांचा ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला २६५ फूट जात होता. सत्तर फूट-पाउंड आले. कुडू बसत होता.

पण ग्रेनमध्ये वजन करायचं कुठं? माझा काटा नेमका बिघडलेला. आम्ही बारा बाण पिशवीत घालून गुजरीत काकांच्या सोनाराकडं गेलो. दुकानात बाया मंगळसूत्र बघत होत्या आणि आम्ही गादीवर बाण मांडले. सोनारकाका ऐंशीच्या घरातले. ‘ग्रेन’ ऐकल्यावर चष्मा वर करून म्हणाले, “जुना तोळा एकशेऐंशी ग्रेनचा. आताचा दहा ग्रॅमचा न्हवं, जुना. तुमचा बाण अडीच तोळ्यांचा झाला की.” मी मोबाइलवर गुणाकार केला. बरोबर अडीच. नातवाला काटा साफ करायला लावून त्यांनी प्रत्येक बाण स्वतः ठेवला. अकरा बाण २९.२ ते २९.४ ग्रॅममध्ये बसले. सात नंबर मात्र २९.९ भरला. टोकाच्या इन्सर्टला माझ्याकडून चिकट जास्त लागलं असणार. “ह्यो जड हाय, बाजूला ठेवा,” म्हणत त्यांनी सोन्याच्या पावतीवर बाराही वजनं लिहून दिली.

बाकी तयारीत जीव गेला तो कागदांत. तिकीट आदिस अबाबामार्गे होतं. इथिओपियावरून येणाऱ्याला परत येताना आपल्याकडं पीतज्वराच्या लशीचा दाखला मागू शकतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो दाखला लागू होतो. ती लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळते. काका त्यासाठी आधीच मुंबईला जाऊन आले होते. जाताना कस्टमकडून धनुष्याची नोंद करून घ्यायची, म्हणजे येताना कुणी ‘नवीन आणलं का’ विचारणार नाही. ब्रॉडहेड म्हणजे पात्यांची टोकं. ती डब्यात बंद करून खाली जाणाऱ्या सामानात, आणि अंतर मोजायच्या दुर्बिणीची जादा बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत. शिंग-कातडं आणायच्या भानगडीत पडू नका, हे मी दोनदा बजावलं.

सराव खुर्चीत बसून. तिथं पाणवठ्याजवळ आडोशात बसायचं असतं आणि बाण पंधरा-वीस मीटरवरून मारायचा असतो. जुलैत तिकडं कोरडा हंगाम, जनावर पाण्यावर येतंच. आडोशात अंधार, म्हणून अंगात काळा शर्ट. काकांनी फोमवर खडूनं जनावराची बाजू काढली होती. आफ्रिकेतल्या हरणांचं काळीज पुढं आणि खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत. तिथं त्यांनी गोल काढला. पहिल्या दिवशी सहापैकी दोन बाण त्या गोलाबाहेर, पोटात गेले. ते काढताना मी काही बोललो नाही, पण मला ते फोम वाटेना. दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला, एक जरी बाण बाहेर गेला तरी त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

तर असं सगळं जमवत आणलेलं धनुष्य मंगळवारी माझ्या टेबलावर मोडून पडलं होतं. त्यात पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३७ फुटांवर होती. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला सगळ्यांनी बघितलाय. काकांनी गुरुवारऐवजी बुधवारी पहाटेच निघायचं ठरवलं. म्हणजे माझ्या हातात तो एकच दिवस.

आधी लिम्ब. धनुष्याच्या पात्याला केसाएवढा तडा असला तर डोळ्यांना दिसत नाही, पण कापूस कडेनं फिरवला की धागा अडकतो. आईनं वाती वळायला घेतलेल्या कापसाचा गोळा आणला आणि चारही पाती दोन्ही कडांनी फिरवून बघितली. कुठं काही अडकलं नाही. जीव भांड्यात पडला. जादा दोरी-केबलचा संच मी आधीच मागवायला लावला होता, तेव्हा काका कुरकुरले होते, आता गप्प होते. कॅम वाकलेला नव्हता. आस वाकला होता. शेजारच्या वर्कशॉपमध्ये व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, काटा तीस शतांश हलला.

तसला आस कोल्हापुरात तयार मिळत नाही. पण उद्यमनगरात मिळत नाही ते करून मिळतं. मिस्त्रींनी सिल्व्हर स्टीलची कांडी घेतली, लेथवर चढवली आणि विचारलं, “कुठल्या इंजिनाचा?” धनुष्याचा म्हटल्यावर मशीन बंद करून हसले. मग गप्प होऊन पाऊण तास काम केलं, दोन्ही टोकांना सर्क्लिपच्या खाचा काढल्या, घासून आरशासारखा करून माझ्या तळहातावर ठेवला. नादखुळा काम. पैसे घेईनात. शेवटी चहावर भागलं.

चार वाजता धनुष्य पुन्हा उभं राहिलं. साडेपाचपर्यंत कॅम एका वेळेला फिरायला लागले. मी स्वतः दहा बाण मारले, सगळे गोलात. काकांनी पेढे आणायला पुतण्याला पाठवलंसुद्धा. त्या बिचाऱ्याला तेवढं तरी करायला मिळालं.

मी उगाचच, सवयीनं, कापूस परत फिरवला. वरच्या डाव्या पात्याच्या टोकाशी, आसाच्या भोकाखाली, एक धागा राहिला.

पुसलं, परत फिरवला. परत तिथंच. “स्टिकरची कड असंल,” काका म्हणाले. असेलही. माझ्याकडं भिंग नव्हतं. पाती उतरवून घेऊन पावसात गुजरी गाठली. सोनारकाका दुकान आवरत होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी दिव्याखाली पातं हळूहळू फिरवलं आणि नखानं खूण केली. “हितनं हितपत्तूर. तडा हाय.”

काका म्हणाले, “एवढ्यानं काय होतंय? धा बाण तर मारलासा की.” मी म्हटलं, अकराव्याची खात्री देत नाही. सत्तर पाउंडांचं पातं तुमच्या तोंडाशेजारी फुटलं तर त्या रानात डॉक्टर किती तासांवर आहे, विचारून घ्या. ते चिडले. एवढे पैसे, एवढे दिवस, वर मी ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यावर ठेवलं नाही हेही त्यांनी ऐकवलं. ते खरंच होतं. पण मी पाती जोडून दिली नाहीत. सुटी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

रात्री नऊला फार्मवाल्याला फोन लावला, तिकडं साडेपाच वाजले होते. भाड्याचं धनुष्य होतं, साठ पाउंडाचं, ओढ काकांच्या मापाला लावता येईल असं. वेग २४५ च्या आसपास धरून मी पुठ्ठ्यावर हिशेब केला. साठ फूट-पाउंड. पासष्टला पाच कमी. कुडू गेला, ओरिक्स गेला. राहिली मध्यम जनावरं, वॉर्टहॉग नावाचं रानडुक्कर आणि स्प्रिंगबॉक हरीण. काकांनी पुठ्ठ्याकडं बराच वेळ बघितलं आणि बाणांची पेटी तेवढी उचलली. “बाण तर चालतील न्हवं?” चालणार होते, तिथं गेल्यावर नेम नव्यानं बसवून. तो कसा बसवायचा ते मी कागदावर लिहून दिलं. पेढ्यांचा पुडा माझ्याकडंच राहिला.

तीन आठवड्यांनी ते आले, रापलेले. पूर ओसरला होता. राग गेला होता की नाही कळलं नाही, पण बाणांची पेटी घेऊन म्हणाले, “चला, म्हाताऱ्याला दावू.” गुजरीत सोनारकाकांनी ड्रॉवरमधून पावतीची स्थळप्रत काढली. एकेक बाण घेऊन नंबर वाचत टिक करत गेले. नव्या पात्यांचं पार्सल अजून कस्टममध्येच अडकलंय, हे मी तेवढ्यात सांगून टाकलं.

“अकराच हायती.”

काकांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्टहॉग आला होता, अठरा मीटरवर. आडोशात अंधार होता, हाताला आला तो बाण लावला. आरपार गेला आणि पलीकडच्या दगडावर मोडला. जनावर चाळीस पावलं गेलं. मांस फार्मवरच्या माणसांनी वाटून घेतलं, काकांनीही रात्री खाल्लं.

“नंबर?” सोनारकाकांनी विचारलं.

“सात.”

त्यांनी २९.९ च्या पुढं फुली मारली आणि नातवाला चहा सांगायला पाठवलं.